जपानी भाषेतले ‘जोशी’: वा, गा, नि, दे यांच्याशी मराठी माणसाने कसं जमवावं

जपानीत नामांच्या मागे लागणाऱ्या ‘वा’, ‘गा’, ‘ओ’, ‘नि’, ‘दे’ अशा छोट्या शब्दांना म्हणतात ‘जोशि’. ‘जो’ म्हणजे मदत, ‘शि’ म्हणजे शब्द. पुण्यातल्या आमच्या शनिवार-रविवारच्या वर्गात हा शब्द पहिल्यांदा फळ्यावर आला, तेव्हा अख्ख्या वर्गाने वळून मागच्या बाकावरच्या जोशी आडनावाच्या मुलाकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याने कुणाचं काही वाकडं केलं नाही. फळ्यावरच्या जोशींनी मात्र मला वर्षभर छळलं.

चूक माझीच होती. मी इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे सगळं इंग्रजीतून समजून घ्यायला गेले. ‘नि’ला इंग्रजीत चार-पाच अर्थ, ‘दे’ला चार, ‘वा’ला तर धड एकही नाही. वहीत याद्या वाढत गेल्या आणि परीक्षेत नाणं उडवल्यासारखी उत्तरं देत राहिले. एके दिवशी सेन्सेइंनी (आमच्या शिक्षिकांनी) विचारलं, “‘मला आंबा आवडतो’ यात कर्ता कोण?” वर्ग एका सुरात म्हणाला, “मी!” त्या हसल्या. ‘मला कैरी आवडते’ म्हटलं की क्रियापद बदलतं. मी तीच आहे, बदलला तो आंबा. म्हणजे कर्ता आंबा. जपानीत हेच वाक्य ‘वाताशि वा मांगो गा सुकि देस’ असं होतं, आणि कर्त्याचा ‘गा’ आंब्यालाच लागतो.

त्या दिवशी इंग्रजीचा चष्मा काढला. खाली लिहिलंय ते सगळं त्यानंतर जमवलेलं आहे: मराठी कुठे फुकटात मदत करते आणि कुठे खड्ड्यात घालते.

(जपानी शब्द देवनागरीत लिहिताना ‘देसु’, ‘मासु’ यांतला शेवटचा ‘उ’ मी गाळला आहे, कारण बोलताना तो जवळजवळ ऐकूच येत नाही.)

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं वाचता येणं. जोशि हिरागानातच लिहितात, त्यामुळे हे आधी उरका.
- दोन रंगांची पेनं. नाम एका रंगात, जोशि दुसऱ्या.
- एक वही, जिच्यात प्रत्येक क्रियापद त्याच्या जोशिसकट लिहायचं. नुसतं ‘आउ = भेटणे’ नाही, ‘(कुणा) नि आउ’.
- शाळेतला विभक्तीचा तक्ता. हो, तोच, ‘स, ला, ते’वाला.

१. आधी कान आणि डोळे यांचं भांडण मिटवा

तीन जोशि लिहितात एक आणि वाचतात दुसरं. विषय दाखवणारा ‘वा’ लिहिताना ‘हा’ हे अक्षर येतं, दिशा दाखवणारा ‘ए’ लिहिताना ‘हे’, आणि कर्माचा ‘ओ’ लिहायला ‘वो’ हे वेगळंच अक्षर. १९४६ साली जपान सरकारने स्पेलिंग उच्चाराप्रमाणे सुधारलं, पण हे तीन जोशि जुन्याच कपड्यांत राहिले. ‘कोन्निचिवा’च्या शेवटी ‘हा’ का दिसतो, याचंही उत्तर हेच. मुळात ते ‘आजचा दिवस तर...’ असं अर्धवट सोडलेलं वाक्य आहे.

संगणकावर टाइप करताना रोमन कळांनी उच्चार नाही, अक्षर टाइप करायचं, म्हणजे ‘वा’साठी ‘हा’ आणि ‘ओ’साठी ‘वो’. माझे सुरुवातीचे दोन गृहपाठ या एका गोष्टीपायी लाल झाले होते.

दुसरी सवय लावून घ्या ती थांबण्याच्या जागेची. जोशि आधीच्या शब्दाचा असतो, पुढच्या नाही. ‘वाताशिवा, मांगोगा, सुकिदेस’ असं म्हणायचं, जसं आपण ‘पुण्याला’ म्हणताना ‘पुण्या’पाशी श्वास घेत नाही.

२. शाळेचा तक्ता समोर ठेवा

ढोबळ जोड्या अशा लागतात:

- प्रथमा (प्रत्यय नाही): गा
- द्वितीया: ओ
- तृतीयेचा ‘ने’: दे, आणि तृतीयेचाच ‘शी’: तो
- चतुर्थीचा ‘ला’: नि
- पंचमीचा ‘हून’, तसंच ‘पासून’: कारा
- षष्ठीचे चा, ची, चे: नो
- सप्तमीचा ‘त’: कधी नि, कधी दे

संबोधनाला जपानीत जोडी नाही. आपला संबोधनाचा ‘नो’ (मुलांनो!) आणि जपानी ‘नो’ यांचा काही संबंध नाही. जपानी ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’, जपानी ‘तो’ म्हणजे ‘आणि’ किंवा ‘शी’, आणि ‘राम नि श्याम’मधल्या ‘नि’चा जपानी ‘नि’शी संबंध नाही. पहिले दोन महिने हे सारखे आवाज फार घोळ घालतात, मग आपोआप निवळतं.

एक मोठा दिलासाही आहे. जपानीत सामान्यरूप नाही. घोडाचं घोड्या होत नाही, चा-ची-चे असं लिंगाप्रमाणे बदलत नाही. नाम आहे तसं ठेवायचं आणि मागे जोशि लावायचा. ज्याने मराठी पाचवीपासून शिकून सामान्यरूपांचा मार खाल्ला आहे, त्याला याची किंमत कळेल.

३. ‘ला’ म्हणजे ‘नि’: पाच ठिकाणी बिनधास्त, एका ठिकाणी सावध

पुण्याला जाते: पुणे नि इकिमास.
सातला उठते: शिचिजि नि ओकिमास.
आईला फोन करते: हाहा नि देन्वा ओ शिमास.
मित्राला भेटले: तोमोदाचि नि आइमाश्ता.
जेवायला जाते: ताबे नि इकिमास.

शेवटच्या दोन वाक्यांवर इंग्रजीतून शिकणारे अडखळतात, आपण नाही. ‘जेवायला’तला ‘ला’सुद्धा ‘नि’च निघावा, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वर्गात मोठ्याने “अरेच्चा” म्हणाले होते. (जाण्याच्या दिशेसाठी ‘नि’ऐवजी ‘ए’ चालतो. ‘जेवायला’साठी चालत नाही.)

आता खड्डा. मराठीत कर्म सजीव असलं की त्यालाही ‘ला’ लागतो. ‘मुलाला पाहिलं’, ‘मित्राला बोलावलं’. इथे ‘नि’ लावलात तर चुकलात, इथे ‘ओ’ हवा: कोदोमो ओ मिमाश्ता, तोमोदाचि ओ योबिमाश्ता. ओळखायचं कसं? माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून बघा. ‘पुस्तक पाहिलं’, ‘रिक्षा बोलावली’. ‘ला’ गळून पडला ना? मग तो द्वितीयेचा, जपानीत ‘ओ’. ही युक्ती दहातल्या आठ वेळा चालते. ‘आईला मदत करते’ इथे चालत नाही. जपानीत ‘हाहा ओ तेत्सुदाइमास’ असं ‘ओ’च लागतं. हे पाठच करा, मी तीनदा चुकले आहे.

वेळेचाही एक बारकावा आहे. घड्याळ किंवा कॅलेंडर बघून ठरणाऱ्या वेळेला ‘नि’ लागतो: सात वाजता, पाच तारखेला, २०१९ साली. ‘आज’पासून मोजलेल्या वेळेला लागत नाही: आज, उद्या, पुढच्या आठवड्यात, गेल्या वर्षी. ‘उद्या’ला मराठीतही प्रत्यय नाही, तिथे आपण चुकत नाही. पण ‘पुढच्या आठवड्यात’ला ‘त’ आहे, म्हणून हात आपोआप ‘राइश्यू नि’ लिहितो. नुसतं ‘राइश्यू’ लिहा.

४. ‘ने’ म्हणजे ‘दे’, पण भूतकाळात नाही

ट्रेनने जाते: देन्शा दे इकिमास. चॉपस्टिक्सने खाते: हाशि दे ताबेमास. तापामुळे रजा घेतली: नेत्सु दे यासुमिमाश्ता. एकटीने: हितोरि दे. ‘हितोरि दे’ला पुस्तकं वेगळा नियम देतात. मराठी माणसाला तो नियम लागत नाही.

पण ‘दादाने जेवण बनवलं’? हा ‘ने’ साधनाचा नाही, भूतकाळात कर्त्याला चिकटणारा आहे. जपानीत कर्ता काळ बघून कपडे बदलत नाही: आनि गा गोहान ओ त्सुकुरिमाश्ता. ‘आनि दे’ लिहिलंत तर दादाला पळीसारखं धरून भाजी ढवळल्याचं चित्र उभं राहतं.

दुसरा खड्डा ‘रस्त्याने चालते’. जपानीत जिच्यावरून, जिच्यातून आपण जातो ती जागा ‘ओ’ घेते: मिचि ओ आरुकिमास. पूल ओलांडणं ‘हाशि ओ वातारु’, पक्ष्याने आकाशातून उडणं ‘सोरा ओ तोबु’, घरातून निघणं ‘इए ओ देरु’, बसमधून उतरणं ‘बासु ओ ओरिरु’. बसमध्ये चढणं मात्र ‘बासु नि नोरु’. ही जोडी लक्षात ठेवा, परीक्षेत हमखास येते. (‘हाशि’ म्हणजे चॉपस्टिक्स आणि ‘हाशि’ म्हणजे पूलही. स्वराघात वेगळा असतो, पण नवशिक्याला तो ऐकू येईपर्यंत जोशिच वाचवतो.)

५. ‘त’: इथे मराठी हात वर करते

‘टोकियोत राहते’ आणि ‘टोकियोत काम करते’ दोन्हीकडे ‘त’. जपानीत पहिलं ‘तोक्यो नि सुंदे इमास’, दुसरं ‘तोक्यो दे हाताराइते इमास’. इथे मराठीकडून आशा ठेवू नका. स्वतःला एक प्रश्न विचारा: या जागी कुणी किंवा काही नुसतं *आहे*, की इथे काही *चाललंय*? असणं, राहणं, खुर्चीत बसणं, भिंतीवर चित्र काढून ते तिथे उरणं, हे सगळं ‘नि’. खेळणं, काम करणं, जेवणं, भांडणं, हे ‘दे’.

मग अपवाद. ‘बँकेत नोकरीला आहे’ हे ‘गिन्को नि त्सुतोमेते इमास’, पण ‘बँकेत काम करते’ हे ‘गिन्को दे हाताराइते इमास’. पहिल्यात नातं सांगितलंय, दुसऱ्यात हालचाल. आणि ‘पार्टी हॉटेलात आहे’ यात ‘आहे’ दिसलं म्हणून फसू नका. पार्टी ही वस्तू नाही, ती तिथे *होणार* आहे, म्हणून ‘दे’. ‘जपानीत बोलते’ यातला ‘त’ही ‘दे’च: निहोंगो दे हानाशिमास. भाषा इथे जागा नाही, साधन आहे.

६. वा आणि गा

इथे घाई करू नका. बाकी सगळं दोन-तीन महिन्यांत बसतं, हे जोडपं वर्षानुवर्षं पिच्छा पुरवतं.

‘गा’ कर्त्याचा आहे. ‘वा’ कर्त्याचा नाहीच. ‘वा’ एवढंच सांगतो की आता याच्याबद्दल बोलतेय, ऐका. मराठीत हे काम आपण ‘तर’ने करतो, किंवा शब्द वाक्याच्या सुरुवातीला ओढून किंचित थांबतो: ‘चहा... मी घेत नाही.’ जपानीत ‘ओचा वा नोमिमासेन’. चहा इथे कर्म आहे, तरी ‘वा’ लागला आणि ‘ओ’ गायब झाला. हा नियमच आहे: ‘वा’ किंवा ‘मो’ आले की ‘गा’ आणि ‘ओ’ जागा सोडतात. ‘नि’, ‘दे’, ‘कारा’ मात्र हलत नाहीत, त्यांच्या मागे ‘वा’ येऊन बसतो. आणि ‘मो’ म्हणजे आपला ‘ही’: पुण्यातही, मलाही. जागाही तीच, प्रत्ययाच्या मागे.

‘वा’ने तुलनेचा वासही येतो. ‘चहा घेत नाही’ला ‘वा’ लावलात की समोरचा वाट बघतो: मग कॉफी चालेल का?

‘गा’ कधी, यासाठी मी चार कसोट्या वापरते.

पहिली, ‘च’ची. ‘कोण जोशी?’ ‘मी जोशी’, म्हणजे ‘मीच’. वाताशि गा जोशि देस. पण ओळख करून देताना ‘मी जोशी’ हे ‘वाताशि वा’. ‘कोण’, ‘काय’, ‘कोणतं’ कर्ता असतील तर त्यांना नेहमी ‘गा’, कारण जे माहीतच नाही त्याच्याबद्दल ‘हे तर’ कसं म्हणणार? उत्तरातही ‘गा’च.

दुसरी, ‘मला’ची. मला आवडतं, हवंय, समजतं, दिसतं, ऐकू येतं. ज्या वाक्यात मराठीत मी ‘मला’ होऊन बाजूला बसते आणि ती वस्तू कर्ता होते, तिथे जपानीत वस्तूला बहुतेक वेळा ‘गा’: मिझु गा होशी देस, निहोंगो गा वाकारिमास, यामा गा मिएमास. स्वतःला ‘वा’, किंवा काहीच नाही. या वाक्यांत ‘मला’चा ‘ला’ बघून ‘वाताशि नि’ लिहिण्याचा मोह आवरा. हत्तीचं प्रसिद्ध वाक्य याच घरातलं, ‘झो वा हाना गा नागाइ’: हत्तीबद्दल बोलायचं तर नाक लांब. (सोंडेला जपानीत वेगळा शब्द नाही, नाकच म्हणतात.)

तिसरी, अचानक दिसलेल्या गोष्टीची. खिडकीतून बघून ‘पाऊस पडतोय!’ म्हणणं म्हणजे ‘आमे गा फुत्ते इमास’. पावसाचा विषय आधी चाललेला नव्हता.

चौथी, नामाला चिकटलेल्या वाक्याची. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ म्हणजे ‘वाताशि गा किनो कात्ता होन’. रचना हुबेहूब आपली, ‘घेतलेलं’ पुस्तकाच्या आधी. अशा आतल्या वाक्यात ‘वा’ सहसा बसत नाही, विषय जाहीर करण्याची ती जागा नव्हे. ‘गा’ वापरा, तिथे ‘नो’ही चालतो.

आणि वाक्याच्या शेवटी, क्रियापदानंतर आलेला ‘गा’ हा वेगळाच प्राणी आहे. त्याचा अर्थ ‘पण’. ‘सुमिमासेन गा...’ म्हणजे ‘माफ करा, पण...’, आणि पुढचं बहुधा बोलतच नाहीत.

७. ‘पर्यंत’ने माझी केलेली फजिती

जपानमधल्या एका सहकाऱ्याला मी मेल लिहिली: शुक्रवारपर्यंत फाइल पाठवा, ‘किन्योबि मादे ओकुत्ते कुदासाइ’. त्याचं अतिशय नम्र उत्तर आलं, रोज किती वाजता पाठवू?

‘मादे’ म्हणजे तोवर चालू राहणं: पाचपर्यंत काम करते, ‘गोजि मादे हाताराकिमास’. ‘मादे नि’ म्हणजे त्याच्या आत एकदा उरकणं: ‘किन्योबि मादे नि’. मराठीत दोन्हीला ‘पर्यंत’ चालतं, म्हणून आपल्याला चूक दिसतच नाही. ऑफिसात जपानी वापरणार असाल तर या लेखातलं हे एकच कलम भिंतीवर लावा.

८. बाकीचे, चटकन

‘तो’ फक्त नामं जोडतो. ‘आणि’सारखा क्रियापदांमध्ये घालू नका. ‘जेवून झोपले’साठी जपानीत ‘ताबेते नेमाश्ता’, आपल्या ‘ऊन’सारखंच रूप आहे. ‘च्याशी लग्न केलं’, ‘च्याशी बोलले’ यातला ‘शी’ मात्र खुशाल ‘तो’.

‘कारा’ नामानंतर ‘पासून’, वाक्यानंतर ‘म्हणून’.

‘नो’ दोन नामांमध्ये येतो. विशेषणानंतर नको: लाल गाडी ही ‘आकाइ कुरुमा’, ‘आकाइ नो कुरुमा’ नाही.

वाक्याच्या शेवटचा ‘का’ म्हणजे आपला ‘का’, आवाजासकट. किमास का? येता का? ‘ओइशी देस ने’ म्हणजे ‘छान आहे ना’. ‘यो’ म्हणजे ‘बरं का’, आणि तो जपून वापरा. समोरच्याला ठाऊक नाही ते मी सांगतेय, असा त्याचा सूर असतो. मी एकदा सेन्सेइंना ‘चिगाइमास यो’ म्हणाले. ‘चुकताय तुम्ही, बरं का’. त्या काही बोलल्या नाहीत, पण वर्ग शांत झाला.

मित्रमैत्रिणींच्या बोलण्यात ‘वा’, ‘गा’, ‘ओ’ सर्रास गळतात. ‘ओचा नोमु?’ एवढंच ऐकू येतं. घाबरू नका, पण स्वतः लिहिताना गाळू नका.

९. सराव आणि परीक्षा

जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची पातळीवार परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यातही केंद्र असतं. अगदी खालच्या एन५ पातळीपासून व्याकरणात एक प्रकार येतो: चार तुकडे विस्कटलेले, त्यांना क्रमाने लावून चांदणीच्या जागी कोणता येतो ते सांगा. अर्थ लावत बसू नका. आधी प्रत्येक सुटा जोशि त्याच्या नामाला चिकटवा, मग शेवटचं क्रियापद कोणता जोशि मागतं ते बघा. निम्मं कोडं तिथेच सुटतं.

रोजच्या सरावाला एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या घ्या. कांजीच्या (चिनी वळणाच्या अक्षरांच्या) डोक्यावर हिरागाना छापलेला असतो. एक परिच्छेद छापा, सगळे जोशि पांढऱ्या शाईने खोडा, दुसऱ्या दिवशी भरा. चुकलेल्या प्रत्येक जागेपुढे लिहा: मराठीमुळे चुकलं की नुसतं विसरलं? माझ्या वहीत महिनाभरात ‘मराठीमुळे’ या रकान्यात चारच गोष्टी पुन्हापुन्हा आल्या: सजीवाचा ‘ला’, भूतकाळाचा ‘ने’, ‘त’ आणि ‘पर्यंत’.

आणि हे पाठ करा. जपानी पोराबाळांना येणारी मोमोतारोच्या गोष्टीची सुरुवात आहे, त्यांचं ‘आटपाट नगर’:

‘मुकाशि मुकाशि, आरु तोकोरो नि, ओजीसान तो ओबासान गा इमाश्ता. ओजीसान वा यामा ए शिबाकारि नि, ओबासान वा कावा ए सेंताकु नि इकिमाश्ता.’

फार फार वर्षांपूर्वी एका ठिकाणी एक आजोबा आणि आजी होते. आजोबा डोंगरावर सरपण तोडायला गेले, आजी नदीवर कपडे धुवायला गेली. पहिल्या वाक्यात ती दोघं नुकतीच आली, म्हणून ‘गा’. दुसऱ्या वाक्यात ओळख झाली, म्हणून ‘वा’. जागेचा ‘नि’ एकदा आलाय, ‘तोडायला-धुवायला’चा ‘नि’ दोनदा. वही काढा आणि कोणता कुठे आहे ते दुसऱ्या रंगाच्या पेनाने गोल करा.